तळटीप १७ : इसहाकाची संमती

१७. पाहा : उत्पत्ती, अध्याय २२. अब्राहाम मुलाला होमबलीसाठी मोरिया प्रदेशात नेतो. होमाची लाकडे इसहाकाच्याच पाठीवर असतात. म्हणजे तो अगदी लहान नसावा. कोकरू कुठे आहे, एवढेच तो विचारतो. ते देव पाहील, या बापाच्या उत्तरावर विसंबून पुढे चालतो. बांधला जातानाही तो विरोध करीत नाही, पण त्याची संमतीही मूळ कथेत नोंदलेली नाही. ही उणीव पुढच्यांनी भरून काढली. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस त्याचे वय २५ वर्षे सांगतो आणि तो आनंदाने वेदीकडे गेला, असे लिहितो. कुराणात (३७ : १०२) बाप स्वप्न सांगून मुलाचे मत विचारतो आणि मुलगा होकार देतो. तिथे मुलाचे नाव नाही; मुस्लिम परंपरा बहुतांशी त्याला इस्माईल मानते.