रूआँच्या न्यायासनापुढील वस्त्र

साक्षीसाठी अथवा स्वतःच्या दाव्यासाठी न्यायालयाची पायरी चढण्याची पाळी आलेल्या आमच्या धर्मग्रामातील भगिनी कधीकधी आम्हांला विचारतात, "फादर, कोर्टात कोणती साडी नेसून जाऊ?" पूर्वी या प्रश्नाचे आम्हांला हसू येत असे. पुढे संत जोन ऑफ आर्क हिच्या खटल्याचा इतिहास आम्ही अभ्यासला आणि ते हसू मावळले. न्यायासनापुढे कोणत्या वस्त्रात उभे राहावे, हा प्रश्न एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जीवनमरणाचा ठरला होता.

जोन ही डोमरेमी गावच्या शेतकरी कुटुंबातील कन्या. १४२९ साली फ्रान्सच्या युवराजाला भेटण्यासाठी ती निघाली, तेव्हा वाट शत्रूच्या मुलुखातून होती व सोबतीला सगळे पुरुष होते. व्होकुलर येथील लोकांनी तिला पुरुषी पोशाख करून दिला. तोच पोशाख पुढे रणांगणावर व तुरुंगातही तिच्या अंगावर राहिला. २३ मे १४३० रोजी काँपियेन येथे ती पकडली गेली. तिला इंग्रजांच्या हवाली करण्यात आले आणि १४३१ च्या आरंभी रूआँ येथे बोव्हेचे बिशप पिएर कोशाँ यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यावर धर्मन्यायालयात खटला सुरू झाला.

वास्तविक धर्मन्यायालयाच्या कैद्याने धर्मसभेच्या कोठडीत असावयाचे, आणि कैदी स्त्री असल्यास तिच्यापाशी स्त्रिया असावयाच्या. जोनला मात्र किल्ल्यात, पायांत बेड्या घालून, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात ठेवले होते. रात्री काही शिपाई तिच्या कोठडीतच असत. आरोपपत्रात तिच्या पोशाखाचे बारकाईने वर्णन आहे. तिची लांब विजार वरच्या बंडीला वीस नाड्यांनी घट्ट बांधलेली होती, असे त्यात म्हटले आहे. न्यायाधीशांना या वीस नाड्यांत निर्लज्जपणा दिसला. त्या कोठडीत निजणाऱ्या मुलीला त्याच नाड्यांचा आधार वाटत होता. विजार सैल करण्याचेही धैर्य तिला होत नसे, अशी साक्ष न्यायालयाचे लेखनिक गियोम मांशाँ यांनी पुढे दिली.

हा जोनचा निव्वळ हट्ट होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. पवित्र मिस्साला जाण्याची परवानगी तिने वारंवार मागितली. स्त्रीचा वेष केल्यासच परवानगी मिळेल, असे उत्तर तिला मिळाले. तेव्हा तिने नागरिकांच्या मुली घालतात तसा लांब झगा मागितला. मिस्साहून परतल्यावर मात्र आपण पुन्हा हाच वेष करू, असेही तिने सांगून ठेवले. प्रभुमंदिरासाठी एक वस्त्र आणि कोठडीसाठी दुसरे, इतका साधा विवेक त्यात होता. शिक्षेसाठी आपले कपडे उतरवण्याची वेळ आलीच, तर स्त्रीचा लांब अंगरखा व डोक्यावर घ्यायला वस्त्र मिळावे, अशी विनंतीही तिने केली होती. ती वाचताना आमचे मन फार हेलावले.

पुरुषाचा वेष स्त्रीने करू नये, हे अनुवाद ग्रंथातील वचन न्यायाधीशांना पाठ होते. परंतु शत्रूपासून लपण्यासाठी, दुसरे वस्त्र नसल्यास किंवा तशाच एखाद्या गरजेपोटी तसा वेष करण्यात पाप नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी दीड शतकापूर्वीच लिहून ठेवले होते. न्यायासनावरील विद्वानांना ते ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे?

२४ मे १४३१ रोजी अग्निदंडाच्या भीतीने जोनने माघारपत्रावर खूण केली व स्त्रीवेष धारण केला. तरीही तिला त्याच शिपायांच्या कोठडीत परत पाठवण्यात आले. चार दिवसांनी न्यायाधीश आले, तेव्हा ती पुन्हा पुरुषी वेषात होती. पुरुषांमध्ये राहायचे तर हाच वेष योग्य, आणि मिस्साचे व बेड्या काढण्याचे वचनही पाळले गेले नाही, असे तिने उत्तर दिले. बऱ्या कोठडीत ठेवाल तर धर्मसभा सांगेल तसे वागेन, असेही ती म्हणाली. ते कोणी मनावर घेतले नाही. ३० मे रोजी ख्रिस्तप्रसाद स्वीकारून ती चितेवर चढली.

जोनची वृद्ध माता इझाबेल हिने धर्मसभेचेच दार पुन्हा ठोठावले. पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या अनुज्ञेने १४५५ साली फेरचौकशी सुरू झाली. शिपायांनी स्त्रीवेष काढून नेऊन पुरुषी कपडे तिच्यापुढे टाकले, असे न्यायालयाचे सेवक जाँ मासिय यांनी सांगितले. तिच्यावर बळजबरीचे प्रयत्न झाल्याचे इतर साक्षींतून पुढे आले. ७ जुलै १४५६ रोजी पहिला निकाल रद्द ठरला आणि १९२० साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला संतपद बहाल केले.

धर्मसभेने आपली चूक दुरुस्त केली, याचे आम्हांला समाधान आहे. परंतु ती दुरुस्ती व्हायला पंचवीस वर्षे लागली, याची बोचही आहे. रूआँच्या पंडितांनी त्या मुलीला वस्त्राविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. तिच्या रात्री कशा जातात, याची चौकशी करून ती कोठडी बदलण्याची बुद्धी मात्र त्यांना झाली नाही. म्हणून पुढल्या खेपेस एखादी भगिनी साडीचा प्रश्न घेऊन आमच्या दारी आली, की आम्ही तिला आधी बसायला सांगू आणि विचारू, "बाई, तुला भीती कशाची वाटते?"