टीएसएच वाढला, मग थायरॉईडची गोळी कमी करायची का?

नाही, उलट. टीएसएच हा थायरॉईडचा हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला 'काम वाढव' असा जो निरोप पाठवते, तो टीएसएच. हायपोथायरॉईडिझममध्ये हार्मोन कमी पडला की हा निरोप वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेला दिसला तर डॉक्टर बहुतेक वेळा डोस वाढवतात, फार उतरला तर कमी करतात.

पण त्याआधी गोळी कशी घेता ते बघा. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं असतं. (आपल्याकडे घोटाळा होतो तो चहापाशीच!) कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा. नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही आणि रिपोर्ट बघून डोसच कमी आहे असं वाटतं.

डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला 6 ते 8 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासून फारसं काही कळत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, त्यामुळे ती मनाने बंद करू नका. गरोदरपणात मात्र वाट बघायची नाही. तेव्हा हार्मोनची गरज सुरुवातीच्या आठवड्यांतच वाढते, म्हणून चाचणी पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना कळवा.