नादारी, शिष्यवृत्ती आणि कर्ज: कॉलेजच्या पत्रामागचा इतिहास

एप्रिल महिना उजाडला की आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एकच विषय असतो. कुणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला आणि कुणी किती पैसे देऊ केले? बहुतेक विद्यापीठांना होकार कळवण्याची मुदत १ मे, म्हणजे नेमका महाराष्ट्रदिन! तोवर घरोघरी दोन-तीन राज्य विद्यापीठांची पत्रे शेजारी-शेजारी ठेवून आकडेमोड चालते. त्या पत्रांतल्या प्रत्येक रकान्याला स्वतःचा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर पत्र नीट वाचता येते.

पहिला प्रश्न असतो 'राज्यातले की परराज्यातले' हा. २ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. काँग्रेसमधल्या प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन राज्याला द्यायची आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे उभारायची, अशी ती योजना. (ही जमीन मुळात इथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली, हेही विसरू नये.) पुढे ही कॉलेजे राज्याच्या करांवर चालू लागली. साहजिकच 'आमच्या करदात्यांच्या मुलांना स्वस्त, बाहेरच्यांना महाग' हा हिशेब आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८ च्या कायद्यात तर रहिवाशांना शिक्षण मोफत असावे असाच हेतू होता. १९६० च्या 'मास्टर प्लॅन'ने तो पुन्हा मान्य केला. पण १९७० मध्ये तिथेही शिक्षणशुल्काने प्रवेश केलाच.

या हिशेबाचा चटका बसलेला एक भारतीय विद्यार्थी आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेत आले आणि बर्कलीत दाखल झाले. द्राक्षांच्या मळ्यात, फळांच्या कारखान्यात राबून, हॉटेलात बशा धुऊन ते पैसे जमवीत. बर्कलीची फी दुप्पट झाली, तेव्हा त्यांनी गाशा गुंडाळून आयोवा विद्यापीठ गाठले, कारण तिथली फी परवडणारी होती. पुढे विस्कॉन्सिन, मग ओहायो स्टेट. तिथे १९२९ मध्ये ते एम. ए. झाले. ही सगळी सरकारी विद्यापीठे. त्यांच्याही आधी आपल्या विदर्भातले पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी कॉलेजांत अंगमेहनतीची कामे करीत शेतीशास्त्र शिकले. तेव्हा 'कुठले विद्यापीठ आपल्या खिशाला झेपेल' हा प्रश्न आपण पहिल्यांदाच विचारतो आहोत असे नाही.

दुसरा रकाना मदतीचा. यातले प्रकार आपल्याला परके नाहीत. नावे तेवढी वेगळी. आपल्या शाळांत गरिबाच्या मुलाला 'नादारी' मिळे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ई. बी. सी. सवलत आली. इथे त्याच जातीची योजना म्हणजे पेल ग्रँट. ती १९७२ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली आणि १९८० मध्ये तिला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव मिळाले. कुटुंबाने किती भार उचलावा हे सूत्राने ठरवण्याची पद्धत १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने सुरू केलेल्या सेवेतून रूढ झाली. भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'चे इथले भावंड म्हणजे १९६४ च्या कायद्याने आलेले 'वर्क-स्टडी'. संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. तशी केवळ गुणांवर मिळणारी मदत जॉर्जियाने १९९३ मध्ये लॉटरीच्या पैशातून 'होप' नावाने सुरू केली आणि मग इतर राज्यांनी तिचा कित्ता गिरवला.

राहिले कर्ज. केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जे आली ती १९५८ मध्ये, रशियाने स्पुटनिक सोडल्याच्या धसक्याने. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने ती सर्वदूर पसरली. गंमत अशी की, पत्रात ही कर्जेही अनेकदा 'मदत' या मथळ्याखालीच छापलेली असतात. उसनवारीला देणगी म्हणण्याचा हा प्रकार आपल्या आजीने मुळीच चालवून घेतला नसता! माझी पद्धत साधी आहे. वर्षाचा सगळा खर्च मांडावा. राहणे, जेवण, पुस्तके, विमा, प्रवास धरून. त्यातून फक्त न फेडायची मदत वजा करावी. उरलेल्या रकमेला चारने गुणावे आणि मगच दोन विद्यापीठे ताडून पाहावीत.

मदत किती वर्षांची आणि कोणत्या अटींवर, हेही वाचावे. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. मुदत तीन वर्षांची आणि परतल्यावर संस्थानाची दहा वर्षे चाकरी, असा करार होता. मुदत संपताच, १९१७ मध्ये, त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ते पुरे करायला पुन्हा १९२० साल उजाडले. आज 'अमुक ग्रेड टिकवली तरच पुढच्या वर्षी' ही बारीक अक्षरातली ओळ तोच धडा देते.

शेवटचा मुद्दा आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा. केंद्र सरकारची मदत मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळते. एच-४ व्हिसावर बालवर्गापासून इथेच वाढलेल्या मुलांना ती मिळत नाही आणि 'राज्यातले' मानण्याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे. पण हे नियम काही दगडावरची रेघ नव्हेत. मेरीलँड विद्यापीठ आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे जी-४ व्हिसावरच्या मुलांना राज्याची फी देत नसे. मुले कोर्टात गेली. १९८२ मध्ये 'टोल विरुद्ध मोरेनो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, काँग्रेसने ज्यांना इथे घर करण्याची मुभा दिली आहे, त्यांच्यावर राज्याने असा भार लादू नये. तो निकाल जी-४ पुरता होता. पण 'आपले' आणि 'परके' यांतली रेषा माणसेच आखतात आणि माणसेच पुसतात, हे त्यातून दिसले.

माझी पीएच. डी. एका राज्य विद्यापीठात असिस्टंटशिपवर झाली. फी माफ, वर महिन्याचा खर्च. आपल्यातल्या कितीतरी इंजिनिअरांची हीच कथा आहे. ज्या शेतकऱ्यांनी आणि कामगारांनी करातून ती विद्यापीठे जगवली, त्यांनी आपल्याला कधी पाहिलेही नव्हते. आता करदाते आपण आहोत, आणि पुष्कळ जण मतदारही. राज्याच्या अंदाजपत्रकात विद्यापीठाच्या अनुदानाला कात्री लागते, तेव्हा आपण गप्प बसतो आणि एप्रिलमध्ये फी वाढली म्हणून हळहळतो. पत्रातला आकडा एप्रिलमध्ये छापला जातो, पण तो ठरतो कितीतरी आधी, राज्याच्या विधिमंडळात. तिथे आपल्या प्रतिनिधीला एखादे पत्र धाडायला आपल्याला कोणाची हरकत आहे?