घरची भट्टी आणि सरकारचा गुत्ता

वसंतातल्या व्याख्यानमालेत दारूच्या भट्टीचा इतिहास सांगावयाचा, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु अचलपुरात बसून वसंताचा विचार करावयाचा तर मोहाच्या झाडाला टाळून पुढे जाता येत नाही. ज्या डोंगरांतून सापन नदी आपल्या गावाकडे उतरते, त्या डोंगरांत फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत पहाटेपासून मोहाची फुले टपटप गळत असतात आणि कोरकूंच्या घरातील बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचीत असतात. या फुलांचे पुष्कळ काही होते. त्यांतले एक म्हणजे दारू. ती दारू घरी गाळण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर राज्यसत्ता आणि कुटुंब यांच्यात जो झगडा झाला, त्याचा इतिहास आज पाहावयाचा आहे. दारू चांगली की वाईट, हा प्रश्न मी टाळणार नाही. पण तो पहिला प्रश्न नव्हे.

आधी दारू कशी होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्या कृतीत दडलेला आहे. आंबवण हे साखरेचे होते, पिठाचे होत नाही. दाण्यात असतो तो स्टार्च. त्याची साखर करावयाची तर दाण्याला मोड आणावे लागतात. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये तयार होतात, ती स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. युरोप-अमेरिकेत घरोघर व्हिस्की होत असे ती या रीतीने. मोड आणलेले सातू आणि दुसरे भरडलेले धान्य कोमट पाण्यात कालवावयाचे, त्याची गोड पेज झाली की ती आंबवावयाची आणि मग भट्टीवर चढवावयाची. अमेरिकेत त्या कामी राय नावाचे धान्य फार वापरीत. आपल्या फोडणीच्या राईशी त्याचा काही संबंध नाही; ते गव्हाच्या नात्यातले, थंड आणि हलक्या जमिनीत येणारे धान्य आहे. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने १७९७ साली माउंट व्हर्नन येथील आपल्या शेतावर अशीच भट्टी घातली होती. तिच्या मिश्रणात साठ टक्के राय, पस्तीस टक्के मका आणि पाच टक्के मोड आणलेले सातू असे, आणि १७९९ साली तिच्यातून सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली.

आपल्या वऱ्हाडात धान्याला तोटा नव्हता. पूर्णेच्या काठची काळी जमीन ज्वारी भरपूर देई. तिची आंबील घरोघर होत असे, म्हणजे पीठ आंबवणे आपल्या बायकांना ठाऊकच होते. तरीही वऱ्हाडात घरची दारू म्हटली की ती ज्वारीची नव्हे, मोहाची. याचे कारण साधे आहे. मोहाच्या वाळल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक साखरच असते. त्याला मोड आणावयास नको, भरडावयास नको. फुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत ती आपोआप आंबतात. शिवाय ज्वारी ही भाकरी आहे. ती मडक्यात घालावयाची म्हणजे पोरांच्या तोंडचा घास काढावयाचा. मोह मात्र रानाने फुकट दिलेला. ज्याला नांगर नाही, त्यालाही तो मिळतो.

आंबलेल्या पाण्याची दारू करण्याची कृतीही घरगुतीच. पाणी शंभर अंशांवर उकळते आणि मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांच्या सुमारास, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. चुलीवर मोठे मडके, त्याच्या तोंडाशी माती लिंपून बसविलेली बांबूची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला थंड पाण्यात ठेवलेले भांडे. वाफ नळीतून जाते, थंड होते आणि थेंबथेंब गळते. प्रथम जे गळते ते कडक, मागाहूनचे सौम्य. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो येथूनच.

कोरकू भाषेत दारूला सिडू म्हणतात. ही भाषा आपल्या मराठीच्या कुळातली नाही, द्राविडीही नाही. ती मुंडा कुळातली, आणि त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे. कोरकूंच्या आयुष्यात दारूला ठरलेल्या जागा होत्या. देवाला ती चढवावयाची, लग्न ठरले की ती द्यावयाची, मेलेल्याच्या नावाने ती ओतावयाची. गावचा पुजारी भूमका तिच्याशिवाय पूजा पुरी मानीत नसे. याचा अर्थ एरवी कोणी पीत नसे असा नाही. पण घरी गाळलेल्या दारूला एक मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली होती. मोह वर्षातून एकदाच गळतो. जी फुले मडक्यात गेली ती पोटात जात नाहीत, आणि वाळवलेला मोह हे तर पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांचे अन्न. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळासारख्या वर्षी रानातल्या माणसाला अशाच रानमेव्याचा आधार असे. घरधनिणीने किती मोह भट्टीला द्यावयाचा आणि किती कणगीत ठेवावयाचा, हा हिशेब घरातच होत होता.

राज्यसत्तेचे लक्ष दारूकडे गेले ते काही इंग्रजांच्या काळात प्रथम नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू करणे आणि विकणे त्याच्या देखरेखीखाली चाले आणि चोरून विकणाऱ्यास दंड होई. परंतु त्याच प्रकरणात कौटिल्याने एक दार उघडे ठेवले आहे. कुटुंबवाल्यांना आपल्या घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची त्याने मुभा दिली आहे. उत्सव-यात्रांतही चार दिवस दारू गाळण्यास परवानगी आहे. इतका कडक, पैपैचा हिशेब मागणारा राजनीतिज्ञ, पण घरचे कार्य आणि बाजारचा धंदा यांत त्याने फरक केला. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच पुसला गेला.

तो कसा पुसला गेला याची साक्ष आपली भाषाच देते. दारूच्या दुकानाला आपण गुत्ता म्हणतो. गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ दारू नव्हे, दुकानही नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात आणि तेलंगणात गुत्तेदार म्हणजे आजही ठेकेदारच. सरकार लिलाव पुकारी, जो जास्त बोली बोले त्याला त्या मुलखात दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मिळे. तो दारूचा गुत्ता. मक्त्याचे नाव दुकानाला चिकटले आणि मूळ अर्थ लोक विसरले. पण शब्दाने सांगितलेले खरे आहे: या दुकानाचा जन्म तहानेतून झालेला नाही, महसुलातून झालेला आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर, काही काळ स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ साली तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. इंग्रजी अमलात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे कलम बनले. मक्त्याची जुनी पद्धत गळकी आहे असे सरकारला दिसून आले, म्हणून ठिकठिकाणी मध्यवर्ती भट्टीची पद्धत आणली गेली: दारू सरकारी देखरेखीखाली एका जागी गाळावयाची, तिच्यावर कर घ्यावयाचा आणि परवान्याच्या दुकानांतून ती विकावयाची. ही व्यवस्था चालावयाची तर घरची चूल विझलीच पाहिजे, कारण जो घरी गाळतो तो दुकानात येत नाही. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. तेवढ्याने भागेना, तेव्हा १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडच्या भागासाठी खास मोहाचाच कायदा करून फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. झाडाखाली पडलेले फूल हा संशयाचा पुरावा ठरला! वऱ्हाड १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला आणि त्या प्रांताचा १९१५ चा अबकारी कायदा पुढे वऱ्हाडालाही लागू झाला. परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा झाला, मग ती विकण्यासाठी असो की देवासाठी.

असा प्रसंग आपल्याच वाट्याला आला असे नाही. १७९१ साली अमेरिकन सरकारने व्हिस्कीवर कर बसविला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी खवळून उठले. डोंगर ओलांडून धान्य पूर्वेच्या बाजारी नेणे त्यांना परवडत नसे. तेच धान्य गाळून पिंपात भरले की एका घोड्यावर लादता येई. भट्टी हे त्यांचे धान्य विकण्याचे साधन होते. १७९४ साली बंड झाले, आणि ते मोडण्यासाठी वॉशिंग्टनने सुमारे १३,००० शिबंदी गोळा केली. बंड मोडले, पण १८०२ साली तो करही रद्द झाला. त्या शेतकऱ्यांना मत होते, वर्तमानपत्रे होती, कायदेमंडळात त्यांची माणसे होती. मेळघाटातल्या कोरकूपाशी यांतले काय होते? कायदा कोणत्या भाषेत लिहिला आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याने बंड केले नाही. तो रानात आणखी थोडा आत गेला आणि तेथे चूल पेटवली.

आता दुसरी बाजू. घरची दारू म्हणजे निरुपद्रवी, आणि सारा दोष सरकारचा, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. आणि हे सांगणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. गाडगे महाराज १८७६ साली शेंडगावी जन्मले. त्यांच्या वडिलांचा संसार दारूने धुळीस मिळविला, आणि लहानग्या डेबूला आईबरोबर मामाच्या घरी दापुऱ्यास राहावे लागले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालावयाची तर त्यांनी गोडाचे जेवण घातले. त्या काळी हे मोठेच धाडस होते, कारण त्यांनी मोडला तो सरकारचा कायदा नव्हे, स्वतःच्या भाऊबंदांचा रिवाज. रिवाजाची दारूही घर बुडवते हे त्यांनी पाहिले होते. त्याच सुमारास सरकारी दुकानांकडेही बोट दाखविणारे होते. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. दोघांचे म्हणणे परस्परविरोधी नाही. एकाने पिणाऱ्याला हाक मारली, दुसऱ्याने विकू देणाऱ्याला जाब विचारला. दुर्दैव असे की कायद्याने या दोघांपैकी कोणाचेच नीट ऐकले नाही.

कारण पुढे दारूबंदी आली तीही पोलिसांच्याच हातून. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा राज्यपुनर्रचनेनंतर १९५९ च्या कायद्याने विदर्भापर्यंत पोचला. हेतू उदात्त होता; राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमानेही तो सांगितला आहे. परंतु पुढे परवाने सैल झाले, शहरात दुकाने पुन्हा उघडली, कारखान्याची दारू करभरणा करून राजरोस विकली जाऊ लागली, आणि गुन्हेगार म्हणून उरला तो मुख्यतः हातभट्टीवाला. त्याच्या धंद्यालाही मग वाईट वळण लागले. चोरून, घाईने, विकण्यासाठीच केलेल्या दारूत काय मिसळले जाते हे कोणी पाहात नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ते विष मोहाच्या फुलातले नव्हते. कारखान्यात वापरावयाचे मिथिल अल्कोहोल दारू म्हणून विकले गेले होते. घरातल्या मडक्याला जे भय असते, म्हणजे हे आपल्याच माणसांना प्यावयाचे आहे हे भय, ते काळ्या बाजाराला नसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सातपुड्याच्या या बाजूला कोरकू आहेत, तसे पलीकडे बैतूल-खंडव्यालाही आहेत. भाषा एक, देव एक, सोयरिकी एक. पलीकडे मध्य प्रदेशात तोच १९१५ चा जुना कायदा चालू राहिला, आणि त्यात दुरुस्ती होऊन आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती, ठराविक मर्यादेत, दारू घरी गाळण्याची सूट मिळाली. अलीकडे महाराष्ट्रात तशी सूट नाही. एकच सोयरा डोंगराच्या एका उतारावर गृहस्थ, दुसऱ्या उतारावर आरोपी! २०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे निर्बंध सैल केले, हे योग्यच झाले; पण चुलीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

तो सोडवावा कोणी? उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही. १९९६ साली संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी जो कायदा केला, तो ग्रामसभेच्या व पंचायतीच्या हाती दोन गोष्टी देतो: गौण वनोपजाची मालकी, आणि मादक पदार्थ बंद करण्याचा किंवा त्यांवर नियंत्रण घालण्याचा अधिकार. धारणी आणि चिखलदरा हे आपल्या जिल्ह्यातील दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. फूल कोणाचे आणि फुलाचे काय करावयाचे, हे दोन्ही प्रश्न गावाने गावात बसून ठरवावेत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ज्या ग्रामसभेत बाया बोलतात, तेथे पुष्कळदा बंदीच ठरेल, कारण दारूचा मार प्रथम त्यांच्या पाठीवर पडतो. एखाद्या गावात कार्यापुरती मुभा आणि विक्रीला मज्जाव असे ठरेल. दोन्ही निर्णय आदराने मान्य करावयाची तयारी आपण खालच्या गावांतल्या लोकांनी ठेवली पाहिजे.

दीडशे वर्षे आपण असे मानीत आलो की घरची भट्टी दुष्ट होती म्हणून बंद झाली. इतिहास सांगतो की ती तिजोरीच्या आड आली म्हणून बंद झाली. दुष्टपणाचा आरोप मागाहून चिकटला. हा भेद पुराणातल्या वांग्यासारखा पुराणातच ठेवावयाचा नाही. मेळघाटातल्या माणसाला परतवाड्याच्या बाजारात आपण कोणत्या नजरेने पाहतो, ते या भेदावर अवलंबून आहे. दारू सोडा असे त्याला सांगण्याचा हक्क गाडगेबाबांना होता, कारण त्यांनी ती प्रथम आपल्या घरच्या पंगतीतून काढली. जो आपल्या गावच्या गुत्त्याबद्दल मूग गिळून बसतो आणि डोंगरातल्या चुलीवर तेवढे बोट ठेवतो, त्याला तो हक्क पोचत नाही.