सीमेपलीकडची खरेदी

बिदर जिल्ह्याचा जुना नकाशा वर्गात उलगडला की मुले हटकून विचारतात, "उदगीर बिदरात कसे?" निजामाच्या राज्यात उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात. आळंदची गोष्ट निराळी. सोलापूर इंग्रजी मुलखात असल्यामुळे तेथली सीमा पूर्वीचीच. भालकीकरांना मात्र उदगीरची पेठ एका दिवसात परराज्याची झाली, आणि तीही कागदावरच. लोहमार्ग तोच राहिला, बाजाराची सवयही तीच.

ही रेघ बोचू लागली ती गाऱ्हाणे मांडण्याची वेळ आली तेव्हा. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले. १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. दिवाणी दाव्याच्या खर्चातून सामान्य माणसाची सुटका करणारी जिल्हा मंचांची ही योजना खचित मोलाची होती. परंतु दाद कोठे मागावयाची? विक्रेत्याचा धंदा असेल तेथे, अथवा तक्रारीचे कारण घडले असेल तेथे. भालकीच्या गृहिणीने उदगीरला घेतलेले शिलाई यंत्र महिन्याभरात बिघडले, तर बहुधा तिने लातूरला खेटे घालावयाचे. यंत्राच्या किमतीहून प्रवासच जड! कित्येकजणी मुकाट्याने गप्प बसल्या असतील.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार नेता येऊ लागली. उदगीरच्या मालाची दाद आता बिदरला मागता येते, सोलापूरच्या मालाची कलबुर्गीला. मुदत दोन वर्षांची. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकील देण्याचीही सक्ती नाही. आधी विक्रेत्यास लेखी कळवावे व त्या पत्राची प्रत जपून ठेवावी. दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे किंवा नुकसानभरपाई देणे, असा हुकूम आयोग करू शकतो. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला मात्र ही सोय नाही.

अडचण एकच उरते. ओळखीच्या दुकानात पावती मागणे आमच्याकडे अजून कमीपणाचे समजतात, आणि तक्रारीसोबत पहिल्याने जोडावी लागते ती पावतीच.