पायथन : विंडोजवर फाइल न उघडणे

पायथन या स्क्रिप्टिंग भाषेतील ‘ओपन’ फंक्शनला विंडोजवर फाइल उघडता न येणे किंवा उघडलेल्या फाइलीतील मजकूर चुकीचा वाचला जाणे. कारणे मुख्यतः तीन : पत्ता, परवानगी व एन्कोडिंग. त्रुटीसंदेशाच्या शेवटच्या ओळीवरून यांपैकी कोणते ते बहुधा कळते.

पत्ता : ‘फाइलनॉटफाउंडएरर’ आल्यास प्रथम एक्सटेन्शन पाहावे. विंडोज ते लपवत असल्याने ‘यादी.टीएक्सटी’चे खरे नाव ‘यादी.टीएक्सटी.टीएक्सटी’ असू शकते. अपुरा पत्ता स्क्रिप्टच्या नव्हे, तर चालू फोल्डरपासून धरला जातो. बॅकस्लॅशपुढील ‘एन’ किंवा ‘टी’ हे अक्षर नवी ओळ किंवा टॅब ठरते; म्हणून अवतरणाआधी ‘आर’ लिहावा किंवा साधा स्लॅश वापरावा.

परवानगी : एक्सेलमध्ये उघडी असलेली फाइल लिहिण्यासाठी मागितल्यास किंवा फाइलीऐवजी फोल्डरचा पत्ता दिल्यास ‘परमिशनएरर’ येतो.

एन्कोडिंग : एन्कोडिंग न सांगितल्यास इंग्रजी विंडोजवर पायथन ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्या मजकूर सहसा ‘सीपी १२५२’ या संचानुसार वाचतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘वैराग’ (ता. बार्शी, जि. सोलापूर) या नावाच्या पंधराही बाइटांना सीपी १२५२ मध्ये चिन्हे आहेत, त्यामुळे त्रुटी न येता निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ‘बार्शी’ मात्र अडते. तिच्या रफारातील हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ असून संचातील ती जागा रिकामी आहे; परिणामी ‘युनिकोडडिकोडएरर’ येतो. ऱ्हस्व उकार (१२९), ए (१४३), ऐ (१४४) व झ (१५७) यांचेही तसेच. म्हणजे गावांच्या एकाच यादीत वैराग निमूट बिघडते, बार्शीवर प्रोग्राम थांबतो आणि दोष बार्शीच्या ओळीत असल्याचा भास होतो.

उपाय : ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ असे स्पष्ट द्यावे. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ प्रकारे जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी बीओएम हे अदृश्य चिन्ह असते; तेथे ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे, अन्यथा पहिल्या स्तंभाचे शीर्षक जुळत नाही. पायथन ३.१५ साठी यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरले आहे (पीईपी ६८६). श्रीलिपी या टंकलेखन-प्रणालीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. ‘ओपन’मधील ‘इग्नोर’ हा त्रुटी दुर्लक्षिण्याचा पर्याय टाळावा : तो रिकाम्या जागांचे बाइट गाळतो, बाकीचा मजकूर बिघडलेलाच ठेवतो, आणि असा मजकूर मूळ फाइलीवर जतन झाल्यास गाळलेले बाइट त्या फाइलीतून परत मिळवता येत नाहीत.