स्लीप ॲप्निया : यंत्र सोडण्यापूर्वी

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग वारंवार बंद किंवा अरुंद होणे, या विकारास ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाभरात श्वास किती वेळा किमान दहा सेकंद अडला, यावरून त्याची तीव्रता ठरते : ५ ते १५ वेळा म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र. मोठ्याने घोरणे, गुदमरून जाग येणे, सकाळची डोकेदुखी व दिवसाची पेंग ही त्याची लक्षणे. रुग्णाला स्वतःला त्यांतील घोरण्याचा बऱ्याचदा पत्ता नसतो. पहिली तक्रार बहुधा शेजारी झोपणाऱ्याचीच असते.

हा विकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील शहरी पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वसनदोष, तर ७.५ टक्क्यांत लक्षणांसह विकार असल्याचे अनुमान निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले आणि ते घरोघरी पोहोचले.

मुख्य उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली त्याची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. मुखवट्यातून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. त्याचे काम चष्म्यासारखे आहे : लावला की दिसते, काढला की पुन्हा धूसर. मूळ विकार यंत्राने बरा होत नाही.

नेमकी येथेच फसगत होते. वर्षभर यंत्र वापरल्यावर पेंग जाते, घोरणे थांबते आणि ‘आता मी बरा झालो’ असे वाटू लागते. यंत्राच्या पडद्यावर ताशी दोन-तीनच अडथळे दिसतात, त्यामुळे ती समजूत पक्की होते. पण तो आकडा मुखवटा लावलेल्या रात्रीचा असतो. उपचार लागू पडतो आहे, एवढेच त्यावरून कळते. उपचाराची गरज संपली असे नव्हे. झ्युरिकच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही रुग्णांचे यंत्र दोन आठवडे थांबवले. त्यांचा विकार लवकरच परतला, दिवसाची झोप वाढली आणि सकाळचा रक्तदाबही चढला.

तरीही यंत्र कायमचेच, असे मुळीच नाही. शरीराचे वजन दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटले असेल, घशाची वा जबड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर फेरतपासणी मागणे रास्त ठरते. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या मध्यम व तीव्र विकारासाठी टिर्झेपाटाइड या औषधाला मंजुरी मिळाली. त्यामुळे वजन उतरवून यंत्र सोडू पाहणाऱ्यांची संख्या वाढेल. फेरतपासणी यंत्राविना व्हावी. त्याआधी काही रात्री मुखवटा न लावण्यास डॉक्टर सांगतात, कारण पहिल्या एक-दोन रात्रींत विकाराचे पूर्ण रूप दिसेलच असे नाही. या दिवसांत वाहन चालवणे टाळावे. ताशी अडथळे पाचपेक्षा कमी आणि लक्षणेही नाहीत, तर यंत्र थांबवण्याचा विचार होऊ शकतो. आकडा पाच ते पंधराच्या दरम्यान असेल, तर पेंग, रक्तदाब, हृदयविकार आणि व्यवसाय पाहून निर्णय घेतला जातो. रात्रपाळीच्या ट्रकचालकाला जी सवलत देता येत नाही, ती घरी असलेल्या निवृत्त शिक्षकाला देता येईल.

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्ग्यासारख्या सीमेवरच्या गावांत प्रश्न आणखी वेगळा. झोपेच्या तपासणीची सोय शहरात, म्हणजे कलबुर्गी किंवा सोलापूर गाठणे आले. रात्री वीज गेली की यंत्र बंद. अशा ठिकाणी यंत्र सुटते ते बहुधा बरे वाटले म्हणून नव्हे, तर मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते किंवा वीज टिकत नाही म्हणून. या अडचणींवर मुखवट्याचा आकार बदलणे, हवा दमट करणारी टाकी जोडणे, इन्व्हर्टर बसवणे असे उपाय असतात. औषधाचा डबा फेकून देणे हा उपाय नाही. घरीच झोपेत लावता येणारी छोटी तपासणी उपकरणे आता मिळतात, त्यामुळे एका रात्रीसाठी दवाखान्यात राहण्याची गरज अनेकांना उरत नाही. मात्र सौम्य विकार त्यांतून निसटू शकतो. अहवाल निर्दोष आला आणि पेंग मात्र कायम राहिली, तर प्रयोगशाळेतील रात्रीची सविस्तर तपासणी करून घ्यावी लागते. यंत्र थांबवल्यानंतरही वजन पुन्हा वाढले किंवा घोरणे परतले, तर मुखवटा पुन्हा चढवण्यासाठी वर्षभर वाट पाहण्याचे कारण नाही.